गाडी झाडाखाली, नंबर गेटवर

स्क्रीनवर आमच्या सगळ्या गाड्या हिरव्या दिसत होत्या. हिरवं म्हणजे इंजिन सुरू. आणि एकही गाडी जागची हलत नव्हती.

“या चालल्या कुठे?” शेठनी माझ्या खुर्चीमागून डोकावत विचारलं.

“कुठेच नाही. नेरला जिनिंगच्या गेटवर उभ्या आहेत.”

“उभ्या आहेत, मग सुरू काहून आहेत?”

प्रश्न साधा होता. मी वहीत नवीन ओळ लिहिली, ‘उभ्या गाड्या सुरू का?’, आणि पुढे चौकोन काढला. काम झालं की चौकोनात बरोबरची खूण करायची, ही माझी जुनी सवय. घरी किराण्याच्या यादीलाही मी चौकोन काढते. मुलं हसतात. हसू देत.

मी यवतमाळातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत फ्लीट मॅनेजर आहे. कुठली गाडी कुठे जाणार, कोण चालवणार, किती डिझेल पिणार, हे बघायचं माझं काम. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की आमच्या बहुतेक गाड्या जिनिंगच्या कामाला लागतात. जिनिंगमध्ये कापसातली सरकी वेगळी काढतात आणि उरलेल्या रुईच्या दाबून गाठी बांधतात. त्या गाठी आम्ही सूतगिरणीत पोचवतो.

या गिरणीचं सूत परदेशात जातं. तिथली गिऱ्हाइकं आता सूत कसं आहे एवढंच विचारत नाहीत, ते बनवताना आणि वाहताना धूर किती झाला हेही विचारतात. म्हणून गिरणीने सायली नावाची एक अधिकारी नेमली होती. पुण्याची, तरुण, अतिशय नम्र. नम्रपणेच तिने आम्हाला सांगितलं होतं, “मॅडम, या हंगामात फेरीमागे डिझेल कमी झालेलं दिसलं पाहिजे. नाही तर पुढच्या हंगामापासून हे काम आम्ही मोठ्या ट्रान्सपोर्टरला देऊ. त्यांच्या गाड्या नव्या आहेत.”

आमच्या गाड्या नव्या नव्हत्या. शेठना काम जाण्याची काळजी होतीच, पण खरी धास्ती ड्रायव्हरांना होती. नेरचं काम म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी घरी. ते गेलं असतं तर सगळ्यांना पुन्हा हैदराबाद लाइनवर पाठवावं लागलं असतं. त्या लाइनवर गेलेला माणूस सणालाही घरी सापडत नाही. आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर रामधन राठोड मला रोज विचारायचा, “ताई, काम राह्यते ना आपलं?” मी म्हणायची, “यादी चालू आहे.”

यादी खरंच चालू होती. टायरमधली हवा दर सोमवारी तपासायची, कारण हवा कमी असली की इंजिनाला जोर लागतो. ताडपत्री घट्ट बांधायची, कारण फडफडणारी ताडपत्री वाऱ्याला अडते. रिकामी फेरी टाळायची. गाठी उतरवून गाडी मोकळीच परत आली की येतानाचं सगळं डिझेल फुकट जातं. म्हणून येताना वाटेवरच्या तेल मिलमधून जनावरांची ढेप, म्हणजे पेंड, भरून आणायला सुरुवात केली. चौकोनांत खुणा झाल्या. डिझेल कमी झालं, पण सायलीला हवं होतं तेवढं नाही.

मी ड्रायव्हरांवर वेगाचा संशय घेतला आणि गाड्यांना जीपीएस बसवून घेतलं. पण पळत्या गाड्यांमध्ये काही दोष निघाला नाही. आणि त्या दिवशी शेठसमोर स्क्रीनवर दिसलं, डिझेल उभ्या गाड्या पीत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी नेरला गेले. जिनिंगला गेट एक आणि वजनकाटाही एकच. आमची गाडी आधी रिकामी वजन करायची, मग गाठी भरून पुन्हा वजन करायची. त्याच काट्यावर शेतकऱ्यांचे कापूस भरलेले ट्रॅक्टर, पिकअप आणि एखादी बैलबंडीसुद्धा. ओळ रस्त्यापर्यंत आली होती. ती दर थोड्या वेळाने गाडीच्या लांबीएवढी सरकायची आणि थांबायची. सगळीकडे धूर. रामधन केबिनमध्ये बसून शेंगदाणे खात होता. इंजिन सुरू.

“रामधनभाऊ, बंद का करत नाही?”

“करतो ना ताई. पन लाइन घडीघडी सरकून राह्यली. बंद केली, सेल्फ नाई लागला, त मागचा पुढं घुसते. मंग बसा बोंबलत.”

“मागचा तर आपलाच अशोक आहे.”

“त्याच्यावर त बिलकुल भरोसा नाई.”

मागच्या केबिनमधून अशोकने मनापासून मान डोलावली.

रामधनने दाणे माझ्यापुढे केले आणि म्हणाला, “आमच्या तांड्यावरचे म्हातारे सांगत जायचे, त्याइचे बुढे बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. बैल उभा राह्यला त चरत त होता. हे माय उभ्या उभ्या डिझेल पिते.”

उभ्या गाडीचं इंजिन सुरू ठेवण्याला आमच्या धंद्यात आयडलिंग म्हणतात. त्यावर ऑफिसातला माणूस सुचवील तोच उपाय मी केला. टोकन. रंगीत, लॅमिनेट केलेली. ट्रकला निळं, ट्रॅक्टरला हिरवं, बंडीला पिवळं. जिनिंगचा गेट सुपरवायझर वानखडे यांनी ती वाटायचं कबूल केलं. गाडी कुठेही उभी करा, इंजिन बंद ठेवा, नंबर पुकारला की या.

दुपारपर्यंत गेटवर भांडणं लागली. निळ्या चारच्या आधी हिरवा तीन का गेला? माझा नंबर पुकारला तेव्हा मी चहा प्यायला गेलतो, मग तो बाद कसा? कोणी टोकनांची अदलाबदल केली. एकाचं बकरीने चघळलं. कापूस घेऊन आलेल्या निर्मलाबाई नावाच्या एक शेतकरी होत्या. त्यांनी पिवळं टोकन माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या, “बाई, हे कागद खिशात असते. माह्या पुढं कोन हाय, मागं कोन हाय, मले कसं दिसन? मले माह्या डोयानं दिसली पायजे लाइन.”

संध्याकाळी ओळ पुन्हा होती तशी लागली. इंजिनं सुरू. वानखडे मला म्हणाले, “मॅडम, रंग मात्र मस्त होते.”

रविवारी मी गव्हाचा डबा घेऊन आमच्या मोहल्ल्यातल्या चक्कीवर गेले. चक्कीवाल्या शंकरने नेहमीसारखी मानेने खूण केली. मी माझा डबा ओळीत शेवटी ठेवला आणि वळले. आणि तिथेच थांबले.

चक्कीसमोर ओळ होती आणि माणूस एकही नव्हता. स्टीलचे डबे, प्लास्टिकच्या बादल्या, तुरीच्या डाळीची एक पिशवी. सगळे आपापल्या घरी. एक दळण झालं की शंकर पायाने पुढचा डबा सरकवायचा आणि मागचे त्याच्या मागे. इतकी वर्षं मी डबा ठेवून घरी जाते. माझा नंबर कोणी घेतल्याचं एकदाही झालं नाही. डब्याच्या पुढे डबा ठेवायची हिंमत आमच्या मोहल्ल्यात कोणाची नाही. ती ओळ सगळ्यांना दिसते. आणि डब्याला डिझेल लागत नाही.

सोमवारी सकाळी मी ड्रायव्हरांना गोळा केलं आणि चक्कीचं सांगितलं. “गाडी रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबांखाली लावा. बंद करा. ओळीत गाडीच्या नावाने आपला डबा ठेवा.”

“डबा लाइनीत ठेवू त खाऊ काय?” अशोकने विचारलं.

“तुले त खाण्याशिवाय दुसरं सुचतच नाई,” रामधन म्हणाला. मग त्याने केबिनमधून चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा काढला. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून प्रत्येक ट्रकमध्ये असा एक ठोकळा असतोच. “हा ठेवतो. याच्याशिवाय गाडी हालत नाई, थांबतबी नाई.”

त्याच दिवशी पेंटर बोलावून प्रत्येक ठोकळ्यावर गाडीचा नंबर लिहून घेतला. इलेक्ट्रिशियनकडून सगळ्या गाड्यांचे सेल्फ आणि बॅटऱ्या तपासून घेतल्या, कारण गाडी पुन्हा सुरू होईल याची खात्री नसेल तर कोणीच ती बंद करणार नाही. दोन चौकोन, दोन खुणा.

राहिले वानखडे. “माझ्या गेटसमोर लाकडं मांडता? मालकाने पाहिलं त म्हणन, जिनिंग आहे का लाकडाची टाल?”

“मालकाच्या ऑफिसात आता धूर येतो तो येणार नाही.”

त्यांनी वर ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. “आठ दिवस बघू,” म्हणाले.

पहिल्या दिवशी फक्त आमचे ठोकळे होते. दुसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरवाल्याने पाण्याची रिकामी कॅन आणून ठेवली. निर्मलाबाईंनी बंडी सावलीत सोडली, बैलांपुढे कडबा टाकला आणि ओळीत आपली तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, आडवी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “हिले कोनी हात लावला त पाहा.” कोणी लावला नाही. काट्यावरचा हमाल एक गाडी आत गेली की सगळी ओळ पायाने पुढे ढकलायचा. कडुनिंबाखाली पत्ते सुरू झाले. गेटवर पहिल्यांदाच काट्याची घंटा ऐकू येऊ लागली.

मग सायलीचा फोन आला. ती तपासणीला येणार होती. त्याच दिवशी त्या मोठ्या ट्रान्सपोर्टरची एक नवी गाडी नेरला ट्रायलसाठी येणार होती. दोघांची तुलना होणार होती. मी ड्रायव्हरांना सांगितलं. पत्ते बंद पडले. नवी गाडी रस्त्यावर आमच्यापेक्षा कमी डिझेल पिणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

सायली आली, गाडीतून उतरली आणि इकडेतिकडे पाहू लागली. “मॅडम, जिनिंग बंद आहे का आज?”

“चालू आहे. ओळ तुमच्या पायाशी आहे.”

तिने खाली पाहिलं. ठोकळे, कॅन, तुतारी, एक फुटकं हेल्मेट. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून मोठा हॉर्न वाजला. ट्रायलची गाडी आली होती. पांढरी, चकचकीत. ड्रायव्हरला मोकळा रस्ता दिसला आणि त्याने गाडी सरळ गेटपर्यंत नेली. चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं.

कडुनिंबाखालून सगळे एकदम उठले.

“अरे भई, क्या हुआ?” ड्रायव्हरने काच खाली केली.

“लाइनीत घुसला तू!” रामधन ओरडला.

“कौनसी लाइन? यहाँ तो कोई है ही नहीं!”

“तुह्या चाकाखाली मी हाव ना!” रामधनने खाली वाकून आपल्या ठोकळ्याचे दोन तुकडे बाहेर काढले आणि त्याच्यापुढे धरले. ड्रायव्हरने तुकड्यांकडे पाहिलं, रामधनकडे पाहिलं, मग तुतारी उचलून उभ्या राहिलेल्या निर्मलाबाईंकडे पाहिलं. त्याने गाडी रिव्हर्सला टाकली.

वानखड्यांनी त्याला रीत समजावली. ओळीत काहीतरी ठेव, गाडी झाडाखाली लाव. माणूस चांगला होता, त्याने लगेच ऐकलं. पण नव्या गाडीत ठेवण्यासारखं सुटं काहीच सापडेना. शेवटी त्याने उजव्या पायातली चप्पल काढून ओळीत शेवटी ठेवली आणि एका पायावर उड्या मारत केबिनमध्ये गेला. सगळे हसले, तोही हसला.

रामधनचे दोन तुकडे एकमेकांना टेकवून आपल्या जागी परत ठेवले गेले. पुढे सगळं शांत झालं. त्या शांततेत एकच आवाज राहिला. नव्या गाडीचं इंजिन. केबिनला एसी होता आणि इंजिन बंद केलं की एसी बंद होतो.

आधी निर्मलाबाईच बोलल्या. “बंद कर ना बाप्पा! आमी कापूस खाली कराले आलो, तुहा धूर खाले नाई.”

“गर्मी है, अम्मा.”

“त खाली ये. सावली काय तुह्या मालकाची हाय?”

तो उतरला नाही. नंबर येईपर्यंत गाडी सुरूच होती. सायलीने घड्याळ पाहिलं, मोबाइलवर काही टिपलं. मग आमच्या गाड्यांच्या बाजूने चालत गेली आणि प्रत्येकीच्या बॉनेटला हात लावून पाहिला. सगळी थंड होती. अशोक एका बॉनेटला टेकून झोपला होता, त्याला तिने उठवलं नाही.

जाताना तिने मला विचारलं, “मॅडम, या सिस्टिमला तुम्ही काय म्हणता?”

“लाइन,” मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात गिरणीचं पत्र आलं. पुढच्या हंगामाचंही काम आमच्याकडेच. अट एकच, बाभुळगावच्या जिनिंगवरही हीच पद्धत सुरू करायची. सोबत सायलीने गिरणीच्या मोठ्या साहेबांसाठी बनवलेलं प्रेझेंटेशन होतं. त्यात ठोकळ्यांच्या फोटोखाली ‘व्हर्च्युअल क्यू मॅनेजमेंट’ असं लिहिलं होतं. मी ते रामधनला दाखवलं. तो बराच वेळ फोटो न्याहाळत होता.

“यात माहा तुटकाच ठोकळा आला ताई. पहिलेच सांगतलं असतं त नवा ठेवला असता.”

“हैदराबाद टळलं, ते बघा.”

“ते त हायच,” तो म्हणाला आणि घरी फोन लावायला बाहेर गेला.

या धंद्यात सगळ्यांचं लक्ष पळत्या गाड्यांवर असतं. वेग, रस्ता, टायर. मी नव्या मॅनेजरांना एवढंच सांगते, आधी उभ्या गाड्या बघून या.

त्या रविवारी मी चक्कीवर गेले. माझा डबा ठेवणार, तर ओळीत शेवटी बाभळीचा एक नवाकोरा ठोकळा होता. त्यावर ताज्या रंगात आमच्याच गाडीचा नंबर.

“हे काय रे शंकर?”

“रामधनभाऊ ठेवून गेले. म्हणे गहू निवडून व्हायचे हायत, तवरक नंबर लागून जाऊ दे.”

मी माझा डबा ठोकळ्याच्या मागे ठेवला आणि घरी गेले.