बास वगळून पाठवलेलं गाणं

सई, अर्जुन, रविवारी व्हिडिओ कॉलवर आपण एकत्र वाजवायला बसलो तेव्हा अर्जुन म्हणाला, “आजी, तुझी बास गिटार मागे पडतेय.” मी म्हटलं, “मी नाही मागे, तुम्हीच पळताय.” खरं तर आपण सगळेच आपापल्या जागी बरोबर होतो. मला ऑनलाइन शिकवणारे सर नंतर म्हणाले, की इतक्या लांब आवाज पोचायला क्षणभर उशीर होतोच, त्यामुळे असं एकत्र वाजवणं जमत नाही. तो क्षणभराचा उशीर मला ओळखीचा वाटला. तुमच्या विनोदावर मी हसते, तोवर तुम्ही पुढच्या गोष्टीवर गेलेले असता.

सरांनीच सुचवलं, म्हणून तुम्ही गाणं रेकॉर्ड करून पाठवलंत, फक्त बास वगळून. आज दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करून ठेवल्या, हेडफोन लावला आणि त्या मोकळ्या जागेत माझे खर्जातले सूर बसवत गेले. मध्येच चुकले, तुम्ही थांबला नाहीत. पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, तेव्हा शेवटपर्यंत तुमच्याबरोबर पोचले.

गाणं संपलं, पण रेकॉर्डिंग बंद करायला तुम्ही विसरला होतात. खुर्ची सरकली. सई म्हणाली, “आई, भूक लागलीय,” आणि ताटं मांडल्याचा आवाज आला. माझी जाड तार अजून थरथरत होती. सूर संपला की तारेवर हात ठेवून ती थांबवायची, असं सरांनी शिकवलं आहे.

मी हात ठेवला नाही.