शिफ्ट धरणारे काका

आमच्या गल्लीच्या टोकाला अर्ज टाइप करून देणारं एक छोटं दुकान आहे. टायपिस्ट काकूंचं. काम एकटीचं, पण टेबलापाशी खुर्च्या दोन असायच्या. त्या दुसऱ्या खुर्चीची ही गोष्ट.

अर्धांगाचा झटका आला आणि काकूंचा डावा हात गेला. मराठी टाइप करायचं तर घडोघडी शिफ्टचं बटण धरून ठेवावं लागतं आणि त्याच वेळी अक्षराचं दाबावं लागतं. एका हाताचा पंजा तेवढा पसरत नाही. दुकान बंद पडायची वेळ आली, तेव्हा काका, म्हणजे त्यांचे यजमान, खुर्ची ओढून शेजारी बसले. कारखान्याचं फाटक उघडण्या-लावण्यात आयुष्य काढलेला माणूस.

"तुझा डावा हात मी," म्हणाले.

काकू म्हणायच्या "दाबा", की काका शिफ्ट धरायचे. "सोडा" म्हटलं की सोडायचे. पुढे पुढे शब्दही लागेनात. काकूंचा श्वास जरा थबकला की काकांचं बोट खाली जायचं. जोडीनं राबणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण इतकं एका तालातलं काम नाही पाहिलं.

"काका, पगार किती हो?" गिऱ्हाइकं चिडवायची.

"चहा. तोही मीच करतो!"

मग काका मुतखड्यानं दवाखान्यात पडले. त्या दिवसांत कॉम्प्युटर दुरुस्तीवाला दुकानात आला. एका हाताची ओढाताण पाहून म्हणाला, "काकू, शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा बरं." दाबली. टुंईऽ असा आवाज झाला, पडद्यावर एक चौकट आली, त्यानं तिथं 'हो' दाबलं. आता शिफ्ट दाबून सोडली तरी ती पुढच्या अक्षरासाठी थांबून राहायची. इतकी वर्षं ती सोय तिथंच होती, बोटाखाली.

काका दवाखान्यातून सुटले ते थेट दुकानात आले. काकूंचा एकच हात झरझर चालला होता. त्यांनी लहान मुलीसारखं सगळं सांगितलं.

"बरं झालं की गं," काका म्हणाले आणि सवयीनं शेजारी बसून त्यांनी शिफ्ट धरली. काकूंनी अक्षर दाबलं. टुंईऽ. पुढची अक्षरं भलतीच उमटली.

"अहो, दोन बटणं एकदम दाबली की ते आपोआप बंद पडतं."

"म्हणजे मी हात लावला की बिघडतं."

"तसं नाही हो..."

"फाटक आपोआप उघडायला लागलं, तेव्हा मला घरी बसवताना साहेबही असंच गोड बोलला होता."

त्यांनी खुर्ची उचलली आणि बाहेर पायरीशी नेऊन ठेवली. काकूंनी ती सोय मुद्दाम बंदच ठेवली, हाका मारल्या, "या ना, मला तुमचीच सवय आहे." आतलं गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. काका रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "माणसं खोळंबलीत. दाब पाच वेळा."

परवा मी पायरीशी उभा होतो. आत बटणांचा आवाज चालला होता. कामाच्या भरात काकूंच्या तोंडून निघून गेलं, "दाबा."

बटणं थांबली. काकांनी मान वळवली नाही. पण खुर्चीच्या हातावरचं त्यांचं बोट खाली गेलं, आणि तिथंच दाबलेलं राहिलं.

आतून "सोडा" काही आलं नाही.