थीसिसमावशी आणि साताऱ्याची पत्रं

थीसिसमावशींना कुणी पत्र दाखवलं, की त्या आधी साबणाने हात धुवायच्या. मग चष्मा पुसायच्या, कागद टेबलावर पसरायच्या आणि चार कोपऱ्यांवर चार चमचे ठेवायच्या. पत्र कालच आलेलं असो की बँकेचं असो, पद्धत तीच. मँचेस्टरच्या एका ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या विभागात त्या कामाला होत्या. दोनशे वर्षांचे कागद हाताळून हाताळून जगातला प्रत्येक कागद आता फाटतोय असंच त्यांना वाटायचं. त्या आमच्या घरी आल्या की बाबा विजेचं बिल लपवून ठेवत.

त्यांचं खरं नाव इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या यादीत तेवढं होतं. बाकी सगळे थीसिसमावशीच म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. पुण्याहून त्या पीएच.डी.साठी आल्या तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी चोवीस वर्षांची होऊन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, तरी थीसिस चालूच होता. विषय होता जुन्या इंग्रजी लिखाणातलं लग्न आणि लग्नाआधीची प्रेमाराधना. मुलींनी कसं वागावं, होकार कसा द्यावा, नकार किती वेळा द्यावा, हे शिकवणारी पुस्तकं इंग्रजांनी गाडीभर लिहून ठेवली आहेत, आणि मावशींनी ती सगळी वाचली होती. टिपणांची कार्डं शॉर्टब्रेड बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत असत, त्यामुळे त्यांच्या संशोधनाला लोण्याचा वास यायचा. मंडळात नवीन आलेल्या कुणी आगाऊपणे विचारलंच, "तुम्ही लग्न नाही केलंत?", तर म्हणायच्या, "मी राहते दोनशे वर्षं मागे. स्थळं तिथवर पोचत नाहीत."

आई गेल्यावर त्या आमच्याकडे दर रविवारी जेवायला येऊ लागल्या. पायांत लोकरीचे मोजे, त्यावर ट्रेनर्स, वर सुती साडी आणि त्यावर तपकिरी ओव्हरकोट, जो त्या जेवतानाही काढत नसत. वरणभात खाता खाता त्या मला इंग्रजांच्या पणज्यांच्या कागाळ्या सांगायच्या. "एका पुस्तकात काय लिहिलंय, माहितीय? पुरुषाने आधी विचारल्याशिवाय मुलीने प्रेम करायचंच नाही. मनात आलं तरी ते स्वतःलासुद्धा कळू द्यायचं नाही. आणि त्याने विचारलं की लगेच वडिलांना पत्र दाखवायचं." मग चमचा माझ्याकडे रोखून, "यांचं प्रेम फार जुनं नाही, नीलू. त्याआधी यांच्याकडेही पोह्यांचाच कार्यक्रम होता. फक्त पोह्यांच्या जागी पियानो!"

त्यांची सगळ्यात लाडकी होती ती पत्रांचे नमुने देणारी पुस्तकं. ज्यांना मनातलं लिहिता येत नाही, अशांच्या सोयीसाठी ती छापलेली असत. दर्यावर्दीने वाग्दत्त वधूला लिहायचं पत्र, विधुराने विधवेला लिहायचं पत्र, दुकानदाराच्या मुलीने सभ्य नकार देण्याचं पत्र. लोक त्यातलं बघून जसंच्या तसं उतरवत. मी एकदा म्हटलं, "म्हणजे चीटिंगच की." मावशी चक्क रागावल्या. "चीटिंग कसलं? भावना खरी होती. शब्द उसने घेतले एवढंच. तू ताप आल्यावर स्वतः गोळ्या बनवतेस का?"

माझं लग्न ठरलं साताऱ्याला. डिसेंबरच्या सुट्टीत बाबांबरोबर गेले, श्रीकांतला भेटले, तीन आठवड्यांत लग्न आणि त्यानंतर जेमतेम महिनाभर संसार. तो हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. कमी बोलायचा, पण पाणी प्यायला उठला की दोन भांडी भरून आणायचा. माझी रजा संपली आणि मी परत आले. त्याने मागून यायचं ठरलं होतं. मी तिकडे राहण्याचा प्रश्नच नव्हता, कारण परतल्यावर लगेच बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि त्यांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

त्या काळी नियम असा होता की बाहेरच्या नवऱ्याने इथे यायचं, तर लग्नामागचा मुख्य हेतू इथे येऊन राहणं हा नव्हता, हे त्याने पटवून द्यायचं. एखादी गोष्ट आपल्या मनात नव्हती हे दुसऱ्याला कसं पटवायचं, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारा. मुंबईत श्रीकांतची मुलाखत झाली. लग्नाआधी मुलीला किती ओळखत होता? तो म्हणाला, "अर्धा तास बोललो होतो." इंग्लंडला कशासाठी जायचंय? तो म्हणाला, "बायको तिकडे असते." गणिताच्या मास्तराने विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं. नकाराचा कागद आला.

आम्ही अपील केलं. सॉलिसिटरबाई म्हणाल्या, लग्नानंतर तुमची एकमेकांवर माया जडली हे दाखवता आलं तर अजून आशा आहे, पत्रं असतील तर ती इंग्रजीत करून आणा. पत्रं होती. बुटाचं एक खोकं भरून होती. पण त्यांत काय होतं? "सौ. नीलिमास," अशी सुरुवात. मग आईचा गुडघा, नववीचे पेपर, गॅसचा नंबर, किल्ल्याच्या उतारावर लागलेला वणवा. शेवटी, "तब्येतीला जप. श्रीकांत." प्रेम हा शब्द एकाही पत्रात नव्हता. माझीही तऱ्हा तीच. बाबांचं पथ्य, इथला बर्फ आणि त्याच्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची बाही.

मंडळातल्या सगळ्या मुलींची पत्रं मावशीच इंग्रजीत करून देत आणि बदल्यात चहाशिवाय काही घेत नसत. माझं खोकं त्यांनी हात धुऊन उघडलं आणि एका बैठकीत वाचून काढलं. मग म्हणाल्या, "फार गुणी माणूस आहे गं. पण हे त्या लोकांना दिसायचं नाही. लग्नाआधी प्रेम का नव्हतं, म्हणून विचारतात! त्यांच्या स्वतःच्या पणजोबांना विचारा म्हणावं." आणि डोळ्यांतलं पाणी ओव्हरकोटाच्या बाहीने पुसलं.

महिन्याभराने त्यांनी भाषांतरांचा गठ्ठा आणून दिला. "वीकेंडला नीट वाच आणि मग बरोबर आहे म्हणून सही कर," म्हणाल्या. सोमवारी मी सही करून गठ्ठा सॉलिसिटरला दिला.

सुनावणी मँचेस्टरलाच, एका ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर झाली. मावशी मागच्या खुर्चीवर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. सरकारच्या बाजूने एक सडपातळ, अतिशय सभ्य माणूस होता. त्याने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझ्या फाईलमधला आणि दुसरा मंडळातल्याच, जवळच्या बोल्टनच्या वैशालीच्या फाईलमधला. तिचा नवरा कोल्हापूरचा. दोन्हींत एकच वाक्य होतं: तुझ्या प्रकृतीच्या वार्तेवाचून माझ्या मनाला क्षणाचाही विसावा नाही आणि माझं सारं सुख मी तुझ्या क्षेमाकडे गहाण ठेवलं आहे. मग त्याने तिसरा कागद काढला. साताऱ्याच्या मूळ पत्राचं त्यांनी दुसऱ्या माणसाकडून करून घेतलेलं भाषांतर. त्यात होतं, "आज गॅस मिळाला. तब्येतीला जप." खोलीत कुणी हसलं नाही.

मावशी उठून उभ्या राहिल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "मी खोटं लिहिलेलं नाही," त्या त्यांच्या पुस्तकी इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्याकडे नवरा 'तब्येतीला जप' म्हणतो, त्याचा अर्थ हाच असतो. तुमच्याकडेही एके काळी लोक नमुने बघूनच लिहीत. मी पुस्तकं दाखवू शकते." त्यांना नम्रपणे खाली बसायला सांगण्यात आलं. मग निकाल देणाऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, सही करण्यापूर्वी तुम्ही ही भाषांतरं वाचली होती का? मी म्हणाले, "नाही." मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

पत्रांवर विसंबता येत नाही, असं निकालात लिहून आलं. अपील फेटाळलं गेलं, आणि वैशालीचंही त्यातच बुडालं. श्रीकांतचं पत्र आलं, "सौ. नीलिमास, निकाल कळला. आईला अजून सांगितलेलं नाही. तू वेळेवर जेवत जा." त्यानंतर दोन वर्षं पत्रं चालू होती, पण एकेक विषय गळत गेला. शेवटी त्याच्या थोरल्या भावाने लिहिलं, किती दिवस असं चालायचं, दोघांचीही वयं चालली आहेत. ते खरंच होतं. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या. श्रीकांतने पुढे कराडच्या मुलीशी लग्न केल्याचं कळलं. त्याच वर्षी बाबा गेले. ज्यांच्यासाठी मी इथे थांबले होते तेही राहिले नाहीत.

सुनावणीच्या दिवशी कार पार्कमध्ये मावशी माझ्यामागून धावत आल्या होत्या. "नीलू, ऐक ना गं..." मी मागे न बघता म्हटलं, "मावशी, तुमची बस जाईल." त्यानंतर त्या आमच्याकडे रविवारी आल्या नाहीत. गणपतीला मंडळाच्या हॉलच्या दाराशी उभ्या राहून आरती म्हणायच्या आणि प्रसाद न घेता निघून जायच्या. पत्रांना त्यांनी पुन्हा हात लावला नाही. थीसिस सोडल्याचं दुसऱ्याच कुणाकडून कळलं. शॉर्टब्रेडचे डबे त्यांनी कौन्सिलच्या कचरा डेपोत नेऊन टाकले म्हणे. मंडळातले लोक मला म्हणायचे, त्या बाईने तुझं वाटोळं केलं. मी गप्प बसायचे, आणि तो माझा मोठेपणा आहे असं लोकांना वाटायचं.

मग एके दिवशी लॅबमध्ये रक्ताच्या ट्यूबवर त्यांचं खरं नाव दिसलं. रिपोर्ट मीच पाहिला. आशा ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. असं करायचं नसतं, पण ड्यूटी संपल्यावर मी वॉर्डात गेले. मावशी अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आलीस? खुर्ची ओढ." जणू मागच्याच रविवारी जेवून गेल्या होत्या. मग मी दर रविवारी ट्रॅमने जाऊ लागले. वरणभात न्यायचे आणि त्या दोन घास खायच्या. सुनावणीचं नाव दोघींनीही काढलं नाही.

त्या उन्हाळ्यात सरकार बदललं आणि तो नियमच रद्द झाला. मी पेपर घेऊन वॉर्डात गेले.

"मावशी, तो नियम गेला."

"नर्सने वाचून दाखवलं." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "तुझ्या काही कामाचं नाही आता."

"नाही."

"नीलू, मी तुझं काय केलं ते मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत तू एकदाही बोलली नाहीस."

"जाऊ द्या हो, मावशी. त्याचं काही नाही."

त्यांनी उशीवरच मान हलवली. "हे भाषांतर झालं. मूळ काय आहे ते सांग."

मला राग आला. इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला आणि मी म्हणाले, "तुम्ही माझा संसार मोडलात."

त्या माझ्याकडे बघत थांबल्या. मी आणखी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी बोलले नाही. मग म्हणाल्या, "हं. पाणी दे जरा." मी पाणी दिलं. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि सोडला. ट्रॅममध्ये बसल्यावर पुढच्या रविवारी सगळं बोलायचं असं मी ठरवलं. गुरुवारी वॉर्डातून फोन आला.

मला जे बोलायचं होतं ते एवढंच. मी ती भाषांतरं वाचली होती. शनिवारी एकदा आणि रविवारी दोनदा. श्रीकांतने यातलं अक्षरही लिहिलेलं नाही हे मला पहिल्या पानावरच कळलं होतं. मावशी रविवारी जेवायला आल्या तेव्हा मी "सगळं वाचलं" एवढंच म्हणाले. आणखी एक शब्द बोलले असते तर त्यांनी सगळं पुन्हा साधं करून दिलं असतं. मी बोलले नाही. माझ्या नवऱ्याने मला कधी असं लिहिलं नव्हतं आणि कधी लिहिणारही नव्हता. ते वाचताना मी स्वयंपाकघरात एकटी बसून रडले होते, आणि मला ते खोडायचं नव्हतं. त्या चौथ्या मजल्यावर मी "नाही" म्हणाले तेव्हा ते खोटं आहे हे त्या खोलीत फक्त मावशींना माहीत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही.