मागून येणारा आवाज

दुकानात बसलेल्या बिरानानांच्या कानांवर हेडफोन नाही, असं मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. काळा, जुन्या पद्धतीचा, कानावरच्या उशा फाटून आतला स्पंज दिसणारा. टेबलावरच्या दिव्याला एक छोटा माइक बांधलेला असायचा, तो बरोबर त्यांच्या तोंडासमोर यायचा. दुरुस्तीला आलेल्या वस्तूंची चाचणी घ्यायला हे सगळं लागत असणार, अशी माझी समजूत. मी विज्ञानाचा शिक्षक आहे. आपल्याला सगळं कळतं असं समजण्याचा रोग आमच्या विषयाला जडलेलाच असतो.

साताऱ्यात राजवाड्याकडून खाली उतरताना त्यांचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. मिक्सर, पंखे, देवळातले भोंगे आणि वरातीत वाजणाऱ्या बँजो पार्ट्यांचे अँप्लिफायर तिथे एकमेकांच्या डोक्यावर बसलेले असत. माणूस मूळचा आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. फौजेत सिग्नलला बरीच वर्षं तारा ओढल्या आणि निवृत्त झाल्यावर मुलीच्या शिक्षणासाठी साताऱ्यात घर केलं. बोलायची त्यांना भारी हौस. प्रत्येक शब्द जरासा ओढून, सावकाश बोलायचे. "पयलं ऐकायचं, मग उघडायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी घाईघाईने मिक्सरचं बूड घरीच खोलून आणलं, की म्हणायचे, "पेशंटचं पोट फाडून मग आणलाय व्हय डॉक्टरकडं?"

एक गोष्ट मात्र मला खटकायची. हाच माणूस मंडईत भेटला की नुसती मान हलवायचा. "काय नाना, आज सुट्टी का?" म्हटलं तरी मानच. एकदा तर मला लांबून येताना पाहून त्यांनी रस्ता ओलांडला. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "फौजी अकड आहे. गिऱ्हाईक म्हणून गेलं की गोड, रस्त्यात भेटलं की ओळख नाही." ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठे फार गोड आहात." विषय तिथेच संपला, पण राग माझ्या मनात राहिला.

मी सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. माझे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी जपानहून एक डिले पेडल आणलं होतं. पायाने दाबायची पत्र्याची छोटी डबी. गिटारचा आवाज तिच्यात गेला, की जरा थांबून पुन्हा येतो, मग पुन्हा, आणि दर वेळी थोडा मंद, थोडा मऊ होत विरून जातो. आताची डिजिटल पेडलं आवाज जसाच्या तसा परत देतात. ह्या जुन्या ॲनालॉग डबीतून येणारा आवाज उबदार असतो, आणि एकदा त्याची सवय लागली की दुसरं काही आवडत नाही. ती डबी बंद पडली तेव्हा माझं जेवणावरून मन उडालं, हे मी खरंच सांगतो.

नानांनी ती उघडली आणि लहान मुलाचं जावळ बघावं तशी बघितली. मला म्हणाले, "सर, स्लॅब टाकत्यात तवा माणसं रांगंनं घमेली वर देत्यात, बघितलंय न्हवं? ह्या हातातनं त्या हातात. ह्यात आवाज तसाच जातो. वर पोचोस्तवर थोडा माल सांडतोच. म्हून तर ग्वाड लागतो." मी वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण इतक्या कमी शब्दांत काही समजावलेलं मला आठवत नाही.

त्यानंतर मात्र ती डबी काही परत येईना. "टेस्टिंगवर हाय, सर." पुढच्या महिन्यात गेलो तरी, "टेस्टिंगवर हाय." आठ महिने झाले. विकली असेल, आतली चिप काढून दुसऱ्याला लावली असेल, असे नाही नाही ते विचार डोक्यात येऊ लागले. सांगलीला आमचा एक मोठा कार्यक्रम ठरला होता आणि मला ती हवी होती. एका गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तडक दुकानात गेलो. मनात भांडण तयारच होतं.

नाना फोनवर बोलत होते. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलेला, कानांवर हेडफोन, तोंडासमोर माइक. मोठ्या खुशीत होते. मला हातानेच बसा म्हणाले. मी बसायला वाकलो आणि टेबलाखाली माझी डबी दिसली. तिचा लाल दिवा चालू होता. माइकची वायर तिच्यात शिरली होती आणि दुसऱ्या बाजूने निघालेली वायर अँप्लिफायरमधून नानांच्या हेडफोनला गेली होती. आठ महिने मला फिरवून हा माणूस माझी डबी स्वतःच्या गमतीसाठी वापरतोय, एवढंच मला समजलं. मी खाली हात घातला आणि वायर उपटली.

"आमची पोरगी म्हंजे..." असं काहीतरी नाना म्हणत होते. ते तिथेच थांबले. तोंड उघडं राहिलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मिटले गेले, आणि आवाज आला नाही. मला वाटलं, त्यांना झटका आला. मग "प" निघाला. नुसता "प", पुन्हा पुन्हा, दार अडकल्यावर धक्के मारावेत तसा. फोनमधून कुणीतरी विचारत होतं, "हॅलो? पाव्हणं? हॅलो?" नानांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. 

अशा वेळी शहाणा माणूस वायर परत जोडतो. मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मी इतका गांगरलो होतो, की डबी पिशवीत घातली, "रविवारी कार्यक्रम आहे" असं काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांची मुलगी प्रियांका शाळेत आली. ती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होती. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती शांतपणे बोलत होती. "नाना लहानपणापासून अडखळतात, सर. मेंढरांशी बोलताना कधी नाही, माणूस समोर आला की अडकायचं. फौजेत एकदा लांबच्या खराब लाईनवर त्यांचाच आवाज त्यांना उशिरा ऐकू आला आणि ते सरळ बोलून गेले. तेव्हापासून तो आवाज शोधत होते. आधी एक जुनं टेपचं इको मशीन होतं, त्याची टेप झिजली. मग तुमची डबी आली."

"आज मोबाइलवरसुद्धा होतं हे," मी म्हणालो. विज्ञानाचा शिक्षक असा वेळीअवेळी जागा होतो.

"सगळं करून बघितलं. त्यात आपलंच अडखळणं स्वच्छ ऐकू येतं म्हणतात. ह्या डबीतला आवाज त्यांना स्वतःचा वाटत नाही. कुणीतरी मागनं चालत येतंय, सोबतीला, असं वाटतं."

तीन वर्षं मी ज्यांच्याशी गप्पा मारल्या ते नाना, आणि मंडईत मान हलवून निघून जाणारे नाना, एकच होते. मी त्याला अकड म्हटलं होतं.

मग तिने पुढचं सांगितलं. फोनवर होते ते तिच्यासाठी आलेल्या स्थळाकडचे, इस्लामपूरचे पाहुणे. मुलाचे वडील, ऊसवाले शेतकरी. बोलणी आतापर्यंत फोनवरच झाली होती. रविवारी दहा वाजता मंडळी प्रत्यक्ष येणार होती, आणि नानांनी बेत असा आखला होता, की कामाचा फार लोड आहे म्हणून बैठक दुकानातच घ्यायची आणि हेडफोन लावूनच मुलीची बोलणी करायची. दुसरा कुणी असता तर मी हसलो असतो.

शनिवारी सकाळीच मी डबी घेऊन गेलो. नानांनी ती हातात घेतली, फडक्याने पुसली आणि माझ्याकडे सरकवली. बराच वेळ लागला, पण जे बोलले ते असं होतं: "न्हाई, सर. लगीन झाल्यावर पोरीच्या घरी काय हे डबडं घिऊन जाऊ? कवातरी कळणारच. उद्या तुमी फकस्त बसाया या."

सांगलीचा कार्यक्रम संध्याकाळचा होता. मी रविवारी दहाला त्यांच्याकडे हजर झालो. मुलाच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत होते. माणूस मोकळा, हसरा आणि फार घाईचा. पोहे आले, उसाचं, पाण्याचं, रस्त्याचं बोलून झालं. नाना हेडफोनशिवाय बसले होते. कानांभोवती केस दबून पांढऱ्या कातडीची कड दिसत होती. मग ते सरसावून बसले आणि म्हणाले, "पोरगी." एवढं नीट निघालं. पुढे "नो" वर अडकलं.

आप्पांना ते बघवेना. त्यांनी मदत केली. "नोकरी सोडंल, आसंच न्हवं? आवं, आमचंबी तेच म्हणनं हाय."

नानांनी मान हलवली, नाही म्हणून. तळहात टेबलावर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "पोरगी."

"लग्नापत्तुर करंल नोकरी," आप्पा म्हणाले. "चालतंय की."

पुन्हा मान. पुन्हा "पोरगी." आप्पांबरोबर आलेला मुलगा खाली बघायला लागला. पोह्यांवर माशी बसली. माझ्या तर जिभेवर ते वाक्य तयार होतं, कारण नाना काय म्हणणार ते मला स्वच्छ कळलं होतं, आणि मी "त्यांचं म्हणणं असं आहे" म्हणून पुढे सरकलोही. आतल्या दारात प्रियांका उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर, बोलू द्या त्यांना." माझं तोंड मिटलं. मुलांचं उत्तर अर्ध्यात तोडून स्वतःच पूर्ण करण्यात माझं आयुष्य गेलं आहे, आणि गप्प बसणं इतकं जड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या वेळी आप्पाही थांबले. नानांनी डोळे मिटले नाहीत ह्या वेळी. आप्पांच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द ढकलत, त्यांनी वाक्य शेवटपर्यंत नेलं. "पोरगी नोकरी सोडणार न्हाई." कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला आणि आप्पांपुढे पोह्यांची बशी सरकवली.

मंडळी चहा घेऊन, कळवतो म्हणून निघून गेली. मी सांगलीला जाऊन काय वाजवलं, मला आठवत नाही.

बुधवारी दुकानात गेलो तर नाना एका भोंग्याचं पोट उघडून बसले होते. कानांवर काही नव्हतं. मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. सावकाश, अडत, थांबत. मीही थांबत होतो. इस्लामपूरचा फोन आला होता. नानांनी तो स्वतः घेतला होता. नकार आला होता.

मी हादरलो. सगळा दोष माझा, हे मला तिथेच दिसलं. त्या गुरुवारी वायर उपटली नसती तर रविवार सुरळीत गेला असता, पोरीचं ठरलं असतं. मी काहीतरी माफीचं बोलू लागलो, तर नाना हसत होते. खरोखर हसत होते. मला वाटलं, ह्या माणसाचं डोकं फिरलं.

"नाना, नकार आलाय आणि हसताय काय? तुमच्या अडखळण्यावरून काही बोलले का ते?"

नानांनी मान हलवली आणि बोटाने मला थांबा म्हणून खुणावलं. मग जे म्हणाले त्याला चांगली दोन-तीन मिनिटं लागली.

"न्हाई, सर. त्येचं नावबी न्हाई काढलं. नोकरीवाली सून नको म्हणले." ते थांबले, श्वास घेतला. "म्हंजे मी काय म्हणलो, ते त्यास्नी समदं कळलं."