बदकाच्या दाराचं कुलूप

माझ्या सासूबाई सरकारी बालवाडीत मदतनीस आहेत, आणि मला त्या बालवाडीच्या संडासाच्या कुलपाची किळस येते. संडासाची नव्हे, कुलपाची. संडास तर इतका स्वच्छ आहे की पंगत बसवावी. मागच्या अनुदानातून बांधला. निळ्या फरशा, पोरांच्या मापाची भांडी, दारावर पिवळं बदक. छपरावर टाकीसुद्धा बसवली. फक्त टाकीपर्यंत पाणी आलं नाही, कारण पाण्याचा पाइप पुढच्या अनुदानात होता. आणि पुढचं अनुदान हवं तर आधीचं काम साहेबांना लख्ख दिसायला हवं. लख्ख कसं राहणार? पोरं आत गेलीच नाहीत तर! म्हणून कुलूप. सरकारी काम, सहा महिने थांब, हे ठीक आहे. पण पोटातल्या कळेला कोण थांबवणार?

पोरं भिंतीमागे जातात. तिथे कचऱ्याचा ढीग आहे, माशा आहेत, आणि काल-परवाचं सगळं तसंच पडलेलं आहे. सासूबाई एकेकाला तिथे नेऊन बसवतात, शेजारच्या गॅरेजमधून मागून आणलेल्या पाण्याने धुतात. घरी आल्यावर कोपरापर्यंत साबण लावतात, तरी मी त्यांना भाजी चिरू देत नाही. त्या म्हणतात, "तुझा मुलगा याच हातांनी धुतलाय, सूनबाई." मग मी गप्प बसते. सासूपुढे गप्प बसण्याबद्दल माझी तशी ख्याती नाही.

सुनेने सासूची स्तुती केली की लोकांना वाटतं, हिचा डोळा दागिन्यांवर असणार. दागिने नाहीतच, त्यामुळे मोकळेपणाने सांगते. बालवाडीची शिक्षिका गाणी शिकवते, रंग शिकवते, चांगली आहे बिचारी. पण सासूबाईंच्या मते शाळेचा पहिला धडा एकच: मोठ्या माणसाला 'मला लागली' असं न घाबरता सांगता येणं. ज्याला हे सांगता येतं, त्याला पुढे 'मला समजलं नाही' हेही सांगता येतं. पहिलीच्या बाई म्हणतात, मावशींच्या हाताखालून आलेलं पोर लगेच ओळखू येतं, कुठे अडलं तर हात वर करतं. माझा मुलगा तसाच आहे.

यंदा त्यांच्या पदरी ढब्बू पडला. गोल गाल, गोल पोट, आणि तोंडातून शब्द नाही. त्याची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुते. बालवाडीत जागा मिळण्याआधी ती त्याला खोलीत कोंडून कामावर जायची. दुसरं काय करणार? अजून एक खाडा झाला तर घरी बस, असं कंत्राटदाराने बजावलं होतं. दिवसभर कोंडलेलं पोर कोणाला हाक मारणार? लागली की ढब्बू कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करायचा आणि चड्डीतच उरकायचा. सासूबाई त्याला धुवायच्या, कोरडी चड्डी घालायच्या आणि हनुवटी धरून म्हणायच्या, "आजीला सांगायचं. सांगितलंस की आजी नेणार."

मग साहेब येणार असं ठरलं. बालवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मॅडमनी माझ्याकडून भिंतीमागच्या घाणीसमोर लावायला एक लांबलचक पडदा शिवून घेतला. घाण काढायची नाही, झाकायची!

आदल्या दिवशी मी पडदा पोचवायला गेले तेव्हा मॅडम सासूबाईंना सांगत होत्या, "मावशी, तो चड्डीत करणारा उद्या नको हं. साहेबांसमोर शोभा नको."

"त्याची आई कामावर असते, मॅडम."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एका दिवसासाठी ती त्याला परत कोंडेल. आत्ता कुठे मान वर करायला लागलाय."

मॅडमनी ते ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी पडदा बांधायला गेले, तर सासूबाई ढब्बूचं बोट धरून घेऊनच आल्या.

साहेब आले. मॅडमनी पर्समधून किल्ली काढून बदकाचं दार उघडलं, फरशा दाखवल्या, फोटो झाले, दार बंद, कुलूप, किल्ली परत पर्समध्ये. मग साहेब अंगणात उभे राहून बोलू लागले. मुलांवर लहान वयात घातलेला पैसा कसा दामदुपटीने परत येतो, इथून गेलेली मुलं पुढे शाळा सोडत नाहीत, आयांना निर्धास्त कामावर जाता येतं. शब्दन् शब्द खरा होता. खरं बोलणाऱ्या माणसाची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

तेवढ्यात ढब्बू आला, सासूबाईंच्या मांडीला बिलगला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजी, मला लागली."

सासूबाईंचे डोळे भरून आले. मागे न्यायची वाट माझ्याच पडद्याने अडवलेली. मॅडम ओठांवर बोट ठेवून खुणावत होत्या, थांबव त्याला. सासूबाईंनी भर अंगणात हात पुढे केला. "मॅडम, किल्ली."

"आत्ता?"

"आत्ताच. त्याने सांगितलंय."

साहेब बघत होते. मॅडमनी किल्ली दिली. ढब्बू आत बसला, बदकाचं दार उघडंच. सगळं झाल्यावर उठून त्याने स्वतः नळ फिरवला. नळ कोरडा. "पाणी नाही," ढब्बूने सांगितलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

मला वाटलं, पितळ उघडं पडलं, आता तरी पाणी येईल! साहेब मॅडमना म्हणाले, "कार्यक्रमाच्या वेळी तरी मुलांना आवरायला हवं." आणि गाडीत बसले. सासूबाई गॅरेजमधून बादली घेऊन आल्या तेव्हा गाडी गेलेली होती. संध्याकाळी मॅडमनी किल्ली मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी ढब्बूने तोऱ्यात सासूबाईंचं बोट धरलं आणि त्यांना ओढत बदकापाशी नेलं. "लागली." कुलूप होतं. सासूबाई म्हणाल्या, "चल राजा, आपण मागे जाऊ." तो कुलपाकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे. मग भिंतीकडे तोंड केलं आणि तिथेच उभ्या उभ्या चड्डी ओली केली.

अनुदान मंजूर झालं. त्यात पुढच्या भिंतीचा रंग आहे, पाइप नाही. ढब्बूने पुन्हा काही सांगितलेलं नाही.

मी सासूबाईंना म्हटलं, "दगड घाला त्या कुलपावर."

"मला काढून टाकतील. मग त्याला मागेसुद्धा कोण नेईल?" त्या मोरीत बसून हात घासत होत्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "सांगितलंस की नेईन, असं मी म्हटलं होतं गं त्याला. खोटं शिकवलं मी."

मी त्यांच्या हातातून साबण काढून घेतला आणि भाजी चिरायला त्यांच्यापुढे ठेवली.