अर्पणपत्रिकेचं पान

चाकणच्या कंपनीतलं माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढचं काही मिळेना आणि मी घरी बसले. तेव्हा अण्णा म्हणाले, "बरं झालं. आता माझं पुस्तक कर."

अण्णा म्हणजे माझे वडील. पिंपरीतल्या एका फाउंड्रीत त्यांची सगळी उमर गेली, मोल्डिंग शॉपमध्ये वाळूचे साचे बनवण्यात. रिटायर झाल्यावर त्यांनी तीन जाड वह्या भरून तिथल्या आठवणी लिहिल्या होत्या. कोण कसा हसायचा, कुणाचा पाय भाजला, संपात कुणी कुणाच्या घरी भाकरी पोचवल्या. पुस्तक छापायचं आणि संत तुकाराम नगरात सकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या जुन्या सोबत्यांना एकेक प्रत द्यायची, एवढंच त्यांना हवं होतं. पण वाळूच्या धुळीनं छाती कामातून गेली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि अण्णांना ते न सांगताच कळलं होतं. "पुस्तक हातात येऊ दे, मग काय व्हायचं ते होऊ दे," असं ते येताजाता म्हणायचे. मला राग यायचा. रागच यायचा, रडू नाही. मी तशीच आहे.

मला डीटीपीतलं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्यातलं, ओ की ठो कळत नव्हतं. अण्णांनीच रद्दीच्या दुकानातून एक पुस्तक शोधून आणलं. नवशिक्यांसाठीचं, मराठीत, पहिल्या पानावर कुणीतरी पेनानं कसलेतरी हिशेब लिहिलेले. पुस्तक जुनं आणि माझ्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर नवं. पुस्तक म्हणायचं, डावीकडून तिसरं बटण दाबा. माझ्याकडे तिसऱ्या जागी भलतंच काहीतरी निघायचं. एकदा अख्ख्या पानाचा मजकूर उलटा झाला, तर अण्णा शांतपणे म्हणाले, "वाचता येतंय की. मान वाकडी केली की झालं."

मी हट्टी. धडे क्रमानंच करणार म्हटलं. मग आधी एका खोट्या मिठाईच्या दुकानाचं लेटरहेड, मग व्हिजिटिंग कार्ड, मग बारशाचं आमंत्रण. अण्णा शेजारी स्टुलावर बसून सगळं बघायचे. "आपल्या घरात कुणाचं बारसं हाय?" असं एकदा विचारलं त्यांनी. मी म्हटलं, "पाया पक्का नको का?" ते वही मांडीवर घेऊन बसून राहिले. आज वाटतं, ते पंधरा-वीस दिवस मी फुकट घालवले.

पुढे कामाला लागलो तेव्हा मात्र मजा आली, हे कबूल करायला हवं. अण्णा वाचायचे, मी टाइप करायचे. खोकला आला की ते थांबायचे आणि बोट त्या ओळीवर दाबून धरायचे, ओळ निसटू नये म्हणून. दुरुस्त्या मात्र संपत नव्हत्या. छापायचं म्हटलं की माणूस आपलंच लिहिलेलं परत परत उकरतो. मी वैतागायचे, फटकन बोलायचे. ते ऐकून घ्यायचे.

अर्पणपत्रिकेचं पान त्यांनी सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेरूनच म्हणाले, "लिही, माझ्या लेकीस." मी हात न धुताच बाहेर आले. कीबोर्डला पीठ लागलं. दोनच शब्द, पण मी ते जुळवायला अख्खी दुपार लावली. थोडे वर घेतले, थोडे खाली, अक्षर मोठं केलं, परत लहान केलं. आमच्या घरात हुशार म्हणजे धाकटा भाऊ. पेढे वाटले गेले ते त्याच्या मार्कांचे. आईच्या आजारपणात कॉलेज सोडलं ते मी, आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही, मलाही तेव्हा नाही. त्या पानावर मी एकटी होते आणि मला ते फार आवडलं होतं.

भाऊ आणि अण्णा एकमेकांशी बोलत नव्हते. आई गेली तेव्हा भाऊ कंपनीच्या कामासाठी परदेशात होता. निघाला, पण वाटेत विमान चुकलं आणि तो दुसऱ्या दिवशी पोचला. अण्णा अंत्यसंस्कारासाठी त्याची वाट बघत थांबले नव्हते. तो म्हणाला, माझ्या आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीत. अण्णा म्हणाले, ती जिवंत होती तेव्हा किती वेळा बघायला आलास? दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच ते भांडण मिटेना. तो पुढे परत आला, तळवड्याच्या आयटी पार्कात लागला. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर राहत होता आणि चार वर्षं उंबरा चढला नव्हता. कधीमधी मला फोन करायचा, "तब्येत कशी आहे?" म्हणायचा. कुणाची ते म्हणायचा नाही.

शेवटचा धडा फाईल प्रेसला देण्याचा होता. प्रेसच्या कॉम्प्युटरवर आपला मराठी फॉन्ट नसला तर सगळ्या मजकुराचा चिवडा होतो, म्हणून आधी अक्षरं कर्व्ह करायची. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं. ते दिसतं तसंच छापलं जातं, पण त्यात पुन्हा काही टाइप करता येत नाही. पुस्तकात तिथे जाड चौकट होती: मूळ फाईल वेगळ्या नावानं जपून ठेवा. मी ठेवली होती. पाचच मिनिटं झाली होती ठेवून.

तेवढ्यात अण्णा येऊन बसले. त्या पानावर धाकट्यालाही घे, असं म्हणाले. आणखीही काहीतरी म्हणाले, दोन-तीन वाक्यं. मी वळलेसुद्धा नाही. माझ्या डोक्यात सणक गेली. महिनोन्महिने मान मोडून मी बसते, औषधं मी देते, आणि हा आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार.

"आता नाही होत, अण्णा. कर्व्ह केलं."

"म्हंजी?"

"अक्षरांची चित्रं झाली. आता एक कानामात्राही हलणार नाही."

त्यांनी स्क्रीनवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजी ओतलं म्हण की."

"हो. ओतलं."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जरा बघ की काही होतंय का. पण हा फाउंड्रीतला माणूस. साच्यात रस ओतला की संपलं, मग कुणी साहेब येऊ दे नाहीतर देव येऊ दे. हे त्यांना हाडीमाशी माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे. "राहू दे मग," म्हणाले आणि आत जाऊन पडले. रात्री जेवताना वाटलं, सांगावं. सकाळी वाटलं, सांगावं. तिसऱ्या दिवशी मी फाईल प्रेसला दिली.

पुस्तक आलं. अण्णांनी पानांवरून तळहात फिरवला. कट्ट्यावर स्वतः जाऊन वाटलं, धापा टाकत. म्हातारी माणसं आपापलं नाव शोधत होती. फार खूश होते ते. घरी मात्र चाळताना अर्पणपत्रिकेचं पान ते पटकन उलटायचे. मी बघायचे आणि दुसरीकडे बघायचे.

चार महिन्यांनी अण्णा गेले. या वेळी भाऊ वेळेवर आला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून परतल्यावर त्यानं कपाटावरच्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक घेतलं, उघडलं, दोन शब्द वाचले आणि जिथून घेतलं तिथे नीट ठेवून दिलं. त्यानं प्रत नेली नाही. मी दिलीही नाही.

मागच्या महिन्यात अण्णांच्या सोबत्यांनी आणखी प्रती मागितल्या, म्हणून मी मूळ फाईल उघडली. ते पान समोर आलं. शब्दांवर क्लिक केलं तर कर्सर लुकलुकायला लागला. मला बसवेना. मी भावाला फोन लावला आणि म्हटलं, "अण्णांना तुझं नाव घालायचं होतं."

तो म्हणाला, "ताई, राहू दे. मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"नाही रे. खरंच. मीच म्हटलं की आता बदलता येत नाही."

"मूळ फाईल असते की."

"होती. माझ्याकडेच होती. मी खोटं बोलले त्यांच्याशी."

"का?"

"मला एकटीला पाहिजे होतं ते पान."

तो रागावेल, फोन आपटेल, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काय म्हणाले ते? जसं म्हणाले तसं सांग. त्यांच्या शब्दांत."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. ते स्टुलावर बसले, खोकले, माझ्याबद्दल नाही, त्याच्याबद्दल काहीतरी बोलले, हे आठवत होतं. शब्द आठवेनात. मी तेव्हा स्क्रीनकडे बघत होते.

"सांग ना, ताई," तो म्हणत होता.