सिमल्याच्या बसमधली मुलगी

उन्हाळ्यात सिमल्याच्या सहलीची जाहिरात दिसली, की भर उन्हात उभी असलेली ती बस मला आठवते. निवृत्त झालो, तरी ती दुपार डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी कामठीच्या पुढे हमरस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नियंत्रण कक्षाकडून निरोप आला. नागपूरहून सिमल्याला निघालेल्या बसमधून एका निवृत्त शिक्षिकेने फोन केला होता. त्यांच्या शेजारच्या सीटवर एक माणूस आणि तीनेक वर्षांची मुलगी होती. मुलगी जागी झाली की 'आई' म्हणून रडते, तो औषध पाजतो, ती पुन्हा झोपते. बाईंनी मुलीचं नाव विचारलं, तर ते सांगायलाही त्याला विचार करावा लागला.

नाकाबंदी लावून बस थांबवली आणि दोघांना ठाण्यात आणलं. मुलीला महिला हवालदाराने मांडीवर घेतलं. डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

माणूस शांत होता. "माझीच पोरगी हाय साहेब. बायको होळीपासून सिमल्याले, भावाकडं. तिच्याकडंच नेऊन राहिलो."

"औषध कायचं?"

"बसमधी उलटी होते तिले."

मोबाइलमध्ये मुलीचे फोटो होते. बायकोचा फोन लागत नव्हता, तर म्हणे डोंगरात रेंज नसते. आसपासच्या ठाण्यांत विचारलं. मुलगी हरवल्याची तक्रार कुठेच नव्हती.

बाहेर प्रवासी तापले होते. एक जण आत आला. "काहून थांबवलं साहेब? एवढा लांबचा प्रवास हाय, लेकरं कासावीस होऊन राहिली." त्याचं काही चूक नव्हतं. नुसत्या संशयावर किती वेळ अडवणार? आणि सोडावं, तर बस थोड्याच वेळात राज्याची हद्द ओलांडणार. मग ही मुलगी कुठे शोधायची? खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

तेवढ्यात हवालदारबाईंनी मुलीचा नवाकोरा फ्रॉक सैल केला. आत जुनी शमीज होती आणि तिला पिनेने लावलेली चिंधीची पुरचुंडी. पुरचुंडीत कांदा. आमच्याकडे मे महिन्यात लेकरू घराबाहेर पडलं, की ऊन लागू नये म्हणून कांदा सोबत देतात. माझ्याही खिशात होता.

मी चहा मागवला आणि सहज विचारलं, "कांद्याची आठवण बरी राहिली गा. कोणं बांधला?"

"तिच्या आईनं, आज सकाळीच," असं म्हणून त्याने कप उचलला.

"होळीपासून सिमल्याले असलेल्या आईनं?"

त्याने कप न पिताच खाली ठेवला. फ्रॉक बदलताना त्याने तो कांदा पाहिला असणारच, पण त्यात त्याला वावगं काही वाटलं नाही. तोही इथलाच होता. त्याच्या आईनेही कधी बांधला असेल.

मग तो बोलू लागला. कामठीत तो मुलीच्या शेजारी राहायचा. तिची आई यंत्रमागावर कामाला जाताना मुलीला शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून जायची. सिमल्यातल्या एका मूल नसलेल्या जोडप्याला तो मुलगी देणार होता. आईला संध्याकाळपर्यंत काही कळणारच नव्हतं.

आईला जीपने आणलं. मुलगी ठीक असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं, अंगावरून हात फिरवला आणि थांबली. "साहेब, कांदा कुठी गेला हिचा? बाहेर ऊन केवढं हाय."

तो पंचनाम्यात जप्त झाला होता. मी माझ्या खिशातला काढून दिला. तिने तो मुलीच्या शमीजला नीट बांधला आणि मगच ती रडली.

त्यानंतर असं लेकरू समोर आलं, की मी आधी त्याच्या अंगावर काय आहे ते पाहायचो. घरातून निघताना कोणी काळजी घेतली असेल, तर ती दिसतेच. ती बाई त्या दिवशी यंत्रमागावर होती, पण मुलीला परत आणलं तिनेच.